भूमी कशावर उभी आहे? शंका, शास्त्र आणि मोजमाप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा पाठ)



परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जाणारा यात्रेकरू तेथील एका गुंफेत हमखास रेंगाळतो. भगवान पार्श्वनाथांची तेथील भव्य पाषाणमूर्ती जमिनीवर सर्व बाजूंनी टेकलेली नाही. खालच्या एका लहानशा दगडावर तिचा सारा भार पेललेला आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. दर्शन झाल्यावर माणूस खाली वाकतो, मूर्तीखालच्या फटीतून पाहतो आणि शेजारच्याला विचारतो, एवढा भार कशावर? कोणी त्यास अतिशय मानतो, तर कोणाला त्यात शिल्पकाराचे भारसाम्याचे ज्ञान दिसते. वाकून मात्र दोघेही पाहतात आणि त्या पाहण्याला अश्रद्धा असे कोणी म्हणत नाही.

हाच प्रश्न मनुष्याने भूमीविषयीही फार प्राचीन काळापासून विचारला आहे. भूमीचा आकार कोणता, ती कशावर उभी आहे, ती स्थिर आहे की फिरते? जैन आगमात या प्रश्नांची सविस्तर उत्तरे आहेत. शाळेच्या पुस्तकातील उत्तरे त्यांच्याहून वेगळी आहेत. सकाळी पाठशाळेत जंबूद्वीप आणि मेरू शिकणारा मुलगा दुपारी भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल पाहतो. तो दोन वह्या ठेवतो आणि दोन उत्तरे पाठ करतो. त्याने कधी विचारलेच, तर शाळेत त्याला हसतात आणि घरी गप्प बसवतात. अशा रीतीने त्याचा हळूहळू दोन्ही वह्यांवरचा विश्वास उडू लागला, तर ती हानी विज्ञानाची तर आहेच, परंतु धर्माची त्याहून मोठी आहे. म्हणून या विषयाचा विचार मोकळेपणाने होणे अगत्याचे आहे.

प्रथम आगमपरंपरेचे म्हणणे पाहावे. तत्त्वार्थसूत्राच्या तिसऱ्या अध्यायानुसार नरकभूमी घनोदधी, घनवात आणि तनुवात यांच्या आधारावर असून त्या सर्वांचा आधार आकाश होय. मध्यलोकाच्या मधोमध एक लक्ष योजन व्यासाचे थाळीसारखे वर्तुळाकार जंबूद्वीप, त्याच्या मध्यभागी मेरू आणि मेरूभोवती फिरणारे दोन सूर्य व दोन चंद्र, असे हे वर्णन आहे. आकाश कशावर आहे, या प्रश्नाला पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत उत्तर दिले आहे. आकाशाला अन्य आधार नाही, ते स्वतःच स्वतःचा आधार होय.

याच प्रश्नावर महाराष्ट्राच्या भूमीत एक मोठा वाद झाला. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे. ग्रंथातील गोलाध्यायात त्यांनी भूमी गोल असून निराधार आहे असे प्रतिपादन केले. त्यांचा युक्तिवाद असा, की भूमीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार मानावा लागतो, दुसऱ्याला तिसरा. ही साखळी कोठेतरी थांबवून शेवटच्या वस्तूला स्वतःच्या शक्तीने स्थिर मानावेच लागते. मग ती शक्ती पहिल्या वस्तूतच, म्हणजे भूमीतच, का मानू नये?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आधारांची साखळी कोठेतरी थांबते हे पूज्यपादांनाही मान्य आहे आणि भास्कराचार्यांनाही. एकाने ती आकाशापाशी थांबवली, दुसऱ्याने भूमीपाशी. दोघांची विचार करण्याची रीत एकच होती.

भास्कराचार्यांनी जैनांच्या दोन सूर्य आणि दोन चंद्र या मतावरही टीका केली आहे. ध्रुवाभोवतीचा तारकासमूह एका अहोरात्रात एक फेरा पूर्ण करतो, हे प्रत्यक्ष दिसते. सूर्य त्याच नक्षत्रचक्राबरोबर फिरतो आणि म्हणून तोच सूर्य दुसऱ्या दिवशी उगवतो. दुसऱ्या सूर्याची गरज राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची भाषा बोचरी आहे, हे खरे. तथापि, त्यांनी रात्रीच्या आकाशाकडे बोट दाखवून केलेल्या आक्षेपाचे उत्तरही आकाशाकडे पाहूनच द्यावे लागते. भूमी गोल असेल तर सपाट का दिसते, या शंकेचेही त्यांनी समाधान केले आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच दिसतो. भूमी फार मोठी आणि मनुष्य फार लहान, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट भासतो.

या वादाचा पुढचा अध्याय परभणी जिल्ह्यातच लिहिला गेला, ही गोष्ट येथील फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. गोदावरीच्या उत्तरेस पार्थपूर नावाचे गाव होते. आजची पाथरी ती हीच, असे अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाचार्यांनी इ. स. १५०३ च्या सुमारास सिद्धान्तसुंदर हा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र चिंतामणी यांनी पित्याच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये आणि लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या भारतीय ज्योतिषशास्त्र या मराठी ग्रंथात या घराण्याची माहिती आहे. सिद्धान्तसुंदरचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

ज्ञानराजांपुढेही आजच्या विद्यार्थ्यासारख्याच दोन वह्या होत्या. एका वहीत पुराणांतील विस्तीर्ण सपाट भूमी, शेष, कूर्म आणि वराह होते. दुसऱ्या वहीत ग्रहगणितातील भूगोल होता. गणिताशिवाय ग्रहण वर्तवता येत नाही आणि पुराणाला खोटे म्हणवत नाही, अशी ही कोंडी होती. त्यांनी भूमी गोल आहे हे मान्य केले. मात्र ती स्वतःच्या शक्तीने निराधार राहते हे भास्कराचार्यांचे मत त्यांनी नाकारले आणि पुराणोक्त आधारांना गोल भूमीच्या रचनेत स्थान देण्याचा प्रयत्न केला. पुढे सतराव्या शतकात गोदावरीकाठच्याच कोपरगावहून काशीस गेलेले, महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनीही अशाच समन्वयाचा यत्न केला. म्हणजे शास्त्र आणि मोजमाप यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न एकट्या जैन समाजाचा नाही. वैदिक परंपरेतील थोर पंडितही त्यात गुंतले होते.

आता आधुनिक काळाकडे वळू. २० जुलै १९६९ रोजी मनुष्य चंद्रावर उतरला आणि जैन समाजात या विषयाची चर्चा नव्याने सुरू झाली. श्वेतांबर परंपरेतील पंन्यास अभयसागरजी महाराज यांनी पृथ्वीचे गोलत्व, तिचे भ्रमण आणि चंद्रावतरण यांबद्दल अनेक प्रश्न उपस्थित केले. त्यांच्या प्रेरणेने पालिताणा येथे जंबूद्वीपाची रचना साकारली. दिगंबर परंपरेत गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने हस्तिनापूर येथे जंबूद्वीपाची भव्य प्रतिकृती उभी राहून १९८५ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. तिच्या मध्यभागी १०१ फूट उंचीचा सुमेरू आहे.

अशा प्रश्नांची टवाळी करणे योग्य नव्हे. पृथ्वी फिरते तर आकाशात उडालेला पक्षी मागे का राहत नाही, हा प्रश्न युरोपातील विद्वानांनीही कोपर्निकसच्या मताविरुद्ध विचारला होता. त्याचे उत्तर परभणी जंक्शनवरून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसून मिळू शकते. गाडी एकसारख्या वेगाने धावत असताना नाणे वर उडवले, तर ते मागच्या बाकावर पडत नाही, हातातच येते. कारण गाडीचा वेग नाण्यातही असतो. पक्षी आणि हवा यांचेही तसेच आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रत्यक्ष पुरावा फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून दाखवला. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. परभणीत असा लंबक टांगला, तर त्याची दिशा तासाला सुमारे पाच अंश वळेल आणि पूर्ण फेऱ्यास सुमारे तीन दिवस लागतील.

काही वेळा शंका घेणाऱ्याचा आक्षेप खरोखर बिनतोड असतो. तोही प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. शालेय पुस्तकांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताची कथा असते. दोन गावांतील मध्यान्हीच्या सावल्यांच्या फरकावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. असा प्रयोग परभणीतही करता येतो. दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एका मध्यान्ही परभणीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच मध्यान्ही उत्तरेस हस्तिनापुरात एक मीटर काठीची सावली सुमारे साडेसतरा सेंटिमीटर उत्तरेकडे पडेल आणि दक्षिणेस श्रवणबेळगोळ येथे सुमारे अकरा सेंटिमीटर दक्षिणेकडे पडेल.

शंकाकार म्हणेल, एवढ्यावरून भूमी गोल ठरत नाही. भूमी सपाट असून सूर्य काही हजार किलोमीटर उंचीवर असला, तरी सावल्या जवळजवळ अशाच पडतील. हा आक्षेप बरोबर आहे. सूर्य अतिशय दूर आहे हे एराटोस्थेनिसने गृहीत धरले होते. म्हणून सावलीचा प्रयोग एकटा पुरेसा नाही. निर्णय करण्यासाठी असे निरीक्षण हवे, की ज्यात सपाट भूमीचे उत्तर एक येईल आणि गोल भूमीचे दुसरे.

असे निरीक्षण जैन यात्रेकरूच्या वाटेवरच आहे. हस्तिनापूर, परभणी आणि श्रवणबेळगोळ ही तीन ठिकाणे जवळजवळ एकाच दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास येतात. ध्रुवतारा क्षितिजापासून स्थूलमानाने हस्तिनापुरात २९.२ अंश, परभणीत १९.३ अंश आणि श्रवणबेळगोळ येथे १२.९ अंश उंच दिसतो. हस्तिनापूर ते परभणी हे सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे आणि परभणी ते श्रवणबेळगोळ सुमारे ७१० किलोमीटर. पहिल्या टप्प्यात ध्रुव ९.९ अंश खाली उतरतो, दुसऱ्यात ६.४ अंश. भागाकार करून पाहिला, तर दोन्ही टप्प्यांत एका अंशास सुमारे १११ किलोमीटर पडतात. गोल भूमीवर असेच घडले पाहिजे.

आता भूमी सपाट आणि ध्रुवतारा तिच्यावर एका ठरावीक उंचीवर आहे असे मानून त्रिकोणमितीने हिशेब करावा. सपाट भूमीवर ताऱ्यापासून दूर जावे तसा एकेक अंश उतरण्यास अधिकाधिक अंतर लागते. त्या हिशेबाने वरील उंची दिसण्यासाठी परभणी ते श्रवणबेळगोळ हे अंतर हस्तिनापूर ते परभणी या अंतराच्या सुमारे १.४ पट भरायला हवे होते. प्रत्यक्षात पहिले अंतरच दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक आहे. उत्तर नेमके उलटे येते. येथे परदेशातील कोणा शास्त्रज्ञाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही आणि उपग्रहाने घेतलेले छायाचित्रही लागत नाही. एक कोनमापक, एक ओळंबा आणि तीन तीर्थयात्रा पुरेशा होतात.

ही अंतरे तरी कोणी मोजली, असेही कोणी विचारील. भारताच्या भूमीवर साखळी आणि कोनमापक यंत्रे घेऊन ती मोजली गेली. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ या मोजणीस प्रारंभ केला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ही रेषा विदर्भातून जाते. निरनिराळ्या ठिकाणी एका अंशाची लांबी किती भरते आणि त्यावरून पृथ्वीचा नेमका आकार कोणता ठरतो, हे पाहणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. मोजणी चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्टन यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयापर्यंत नेले.

विज्ञानातील प्रचलित मतही अशाच मोजणीने दुरुस्त झाले आहे. अठराव्या शतकात पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी की लांबट, यावर युरोपात तीव्र वाद होता. फ्रान्समधून एक तुकडी १७३५ मध्ये विषुववृत्ताकडे आणि दुसरी १७३६ मध्ये लॅपलँडकडे गेली. दोन्हीकडच्या मोजणीवरून पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याचे ठरले. विषुववृत्तावरील आणि ध्रुवावरील त्रिज्यांत सुमारे २१ किलोमीटरचा फरक आहे. ज्यांचे मत चुकले त्यांच्या बाजूला मोठमोठी नावे होती, परंतु अंकांपुढे त्यांचे चालले नाही.

येथे एखादा वृद्ध श्रावक विचारील, मग आगमाचे काय करावे? सम्यग्दर्शनाचे पहिले अंग निःशंकित आहे आणि शंका हा अतिचार सांगितला आहे. प्रश्न योग्य आहे. परंतु श्रेणिक राजाने प्रश्न विचारले, गौतम गणधरांनी उत्तरे दिली आणि त्यातूनच पुराणांची रचना झाली, असे परंपरा सांगते. जीव आणि अजीव, बंध आणि मोक्ष यांवरील श्रद्धा डळमळणे वेगळे आणि एखादी गोष्ट कशी आहे हे जाणण्याची इच्छा वेगळी. दुसरीला जिज्ञासा म्हणतात.

जिज्ञासेचा आदर्श जैन आचार्यांनीच घालून दिला आहे. नवव्या शतकाच्या प्रारंभी षट्खंडागमावर धवला टीका लिहिणाऱ्या वीरसेन आचार्यांपुढे लोकाच्या आकाराचा प्रश्न होता. लोक मृदंगासारखा गोल आहे, असे मत प्रचलित होते. लोकाचे घनफळ ३४३ घनरज्जू आहे, हेही परंपरेने मान्य होते. वीरसेनांनी त्या गोल आकृतीचे तुकडे पाडून घनफळ काढले, तर ते सुमारे १६४ घनरज्जू म्हणजे निम्म्याहूनही कमी भरले. हिशेब जुळत नाही हे पाहून त्यांनी प्रचलित आकार नाकारला आणि दक्षिणोत्तर सर्वत्र सात रज्जू जाडी असलेला चौकोनी आकार मांडला. गणितासमोर रूढ आकृती टिकत नसेल तर ती सोडावी, हा निर्णय एका निर्ग्रंथ आचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी घेतला. त्यामुळे त्यांची श्रद्धा कमी झाली, असे आजवर कोणी म्हटले नाही. ही धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केली आणि १९३९ पासून अमरावतीहून तिचे खंड प्रसिद्ध होऊ लागले.

यतिवृषभ आचार्यांच्या तिलोयपण्णत्तीचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९४३ आणि १९५१ अशा दोन भागांत प्रकाशित केला. त्यात अनेक ठिकाणी पाठांतरे नोंदली आहेत. काही विषयांवरचा उपदेश काळाच्या ओघात नष्ट झाला आहे, असेही आचार्य स्पष्ट सांगतात. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याचे हे धैर्य असामान्य आहे. ज्या परंपरेने आपल्या ज्ञानातील रिकाम्या जागा झाकल्या नाहीत, त्या परंपरेला ध्रुवताऱ्याच्या उंचीचे भय वाटण्याचे कारण नाही.

अनेकांताचा आधार घेऊन काही जण म्हणतात, की एका नयाने पृथ्वी गोल आहे आणि दुसऱ्या नयाने सपाट, म्हणून दोन्ही बरोबर. हा अनेकांताचा आदर नव्हे. स्यात् या शब्दाने अपेक्षा सांगावी लागते. अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या अपेक्षेने भूमी सपाट आहे, हे विधान योग्य ठरेल, कारण त्यात मर्यादा सांगितली आहे. हस्तिनापूरपासून श्रवणबेळगोळपर्यंतच्या अपेक्षेने ती सपाट आहे, हे विधान मात्र कोणत्याही नयाने टिकत नाही.

करणानुयोगाचे प्रयोजन याहून वेगळे आहे. लोकाची अफाट विशालता आणि त्यातील जीवाचे भ्रमण यांच्या चिंतनाने वैराग्य उत्पन्न व्हावे, हे ते प्रयोजन होय. लोकभावना बारा अनुप्रेक्षांपैकी एक आहे. हस्तिनापूरची रचना या दृष्टीने पाहणाऱ्यास तेथे पुष्कळ मिळते. तिला भूगोलाच्या तासाचे ओझे दिले, तर भूगोलही बिघडतो आणि भावनाही.

मित्रहो, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पाठशाळेने एक छोटा उपक्रम हाती घ्यावा, ही विनंती आहे. हिवाळ्याच्या एखाद्या निरभ्र रात्री मुलांना गावाबाहेर मोकळ्या जागी न्यावे, त्यांच्याकडून ध्रुवताऱ्याची उंची मोजून घ्यावी आणि ती तारखेसह वहीत नोंदवावी. जे कुटुंब पुढे हस्तिनापूरला किंवा श्रवणबेळगोळला जाईल, त्याने तेथेही तसेच मोजावे. वर्षभरात ती वही परभणीच्या जैन मुलांनी स्वतः तयार केलेले प्रमाण होईल. पाथरीच्या ज्ञानराजांनी पाचशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाशी झुंज घेतली, त्याचे उत्तर ही मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

आणि पुढच्या वेळी नेमगिरीवर एखाद्या मुलाने मूर्तीखाली वाकून, एवढा भार कशावर, असे विचारले, तर त्याला उठवू नये. वडीलधाऱ्यांनीही त्याच्या शेजारी वाकावे आणि त्याला सोबत घेऊन पाहावे.

जय जिनेंद्र.